गुरुवारची गोळी

फॉर्म अकरा पानांचा होता आणि मष्णू तिसऱ्याच पानावर अडून बसला.

"पुढचं विचारू का, अण्णा?" पारमितानं पेन उचललं.

"न्हाय. आदी ह्येचं उत्तर लिवा."

"लिहिलं की. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा पिता. प्यायलेल्या दिवशीही गोळी घेता, चुकवत नाही."

"त्ये माझं झालं. जयाचं लिवा."

पारमितानं पेन खाली ठेवलं. भिंतीवर जयाचा फोटो होता. हार कधीच वाळून गेला होता, पण मष्णूनं तो काढला नव्हता. जयाला जाऊन आठ महिने झाले होते.

पारमिता बेळगावहून आली होती. एचआयव्हीची औषधं चालू असलेली माणसं दारू प्यायली की गोळी चुकवतात का, आणि चुकवत असतील तर कशामुळे, याचा ती अभ्यास करत होती. निपाणीत आणि आसपासच्या गावांत जे बोलायला तयार होते त्यांच्या घरी ती जायची. फॉर्मवर नाव नसायचं, नुसता नंबर. मष्णूचा नंबर एकतीस. गल्लीत कुणी विचारलंच तर ती विम्याची बाई, असं दोघांचं ठरलं होतं. त्यासाठी तिच्या पिशवीत विम्याचे दोन छापील कागदही असायचे.

"गेलेल्या माणसाचा फॉर्म भरता येत नाही, अण्णा."

"का? मेल्यावर खोटं बोलंल व्हय ती?"

"तसं नाही. नियम आहे."

"नियम," मष्णू म्हणाला. तो उठला, खाटेखाली वाकला आणि पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा ओढून बाहेर काढला. झाकण काढून त्यानं तो चटईवर उपडा केला. गोळ्यांच्या पांढऱ्या डब्या गडगडत पारमिताच्या पायापर्यंत गेल्या.

"चौदा हैत. उघडा आनि मोजा."

तिनं एक उघडली. मोजल्या. दुसरी उघडली. मोजल्या. तिसरी हातात घेऊन ती थांबली.

"सव्वीस आहेत. दोन्हीत."

"सगळ्यांत सव्वीसच हैत. तीस गोळ्यांची डबी असती. चार गेल्या. म्हैन्याला चार."

"आठवड्याला एक," पारमिता हळू म्हणाली.

"गुरुवारी. गुरुवारी वखार बंद असती."

जया तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं चाळणीवर होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तोंडाला फडकं बांधलं तरी धूळ नाकातोंडात जायची ती जायचीच. आणि मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि डबीत भरून कमरेला लावायची. सकाळी उठल्या उठल्या एकदा, वखारीत दोनदा, झोपताना एकदा. तिची आई लावायची, सासू लावायची, चाळणीवरच्या सगळ्या बायका लावायच्या. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. दात घासणं म्हणत.

दोघांना आजार आहे हे कळलं त्या दिवशी औषध केंद्रातल्या बाकड्यावर ती दोघं शेजारी शेजारी बसली होती. समजावून सांगणारा माणूस चष्मेवाला, घाईत होता. मष्णूच्या तोंडाला वास आला तसा तो चिडला. "प्यायलेल्या दिवशी गोळी घ्यायची नाही. विष होईल. व्यसन आणि औषध एका दिवसात चालायचं नाही." मष्णू मुंडी हलवत होता. जयानं मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "सायेब, मिश्री बी त्यातच येती का?" त्यानं वर न बघता सांगितलं, "व्यसन ते व्यसन. आलीच की."

मष्णू तेव्हा ट्रकवर होता. एसटी स्टँड येईपर्यंत त्याच्या डोक्यातनं ते सगळं निघून गेलं. पुण्याच्या रस्त्यावर ढाब्यावर बसून त्यानं पुढचे कितीतरी दिवस दारूच्या घोटाबरोबर गोळी गिळली. जयानं तीन वेळा मिश्री सोडून बघितली. डोकं फुटायला यायचं, चाळणीवर हात चालायचे नाहीत. मग तिनं आपल्यापुरती वाट काढली. ज्या दिवशी तोंड स्वच्छ राहील त्या दिवशी गोळी. तिनं गुरुवार धरला.

"ती गेल्यावर डब्या मोजल्या तवा त्या बाकड्यावरचं बोलनं आठवलं मला. तवर वाटायचं उपास करत्या," मष्णू म्हणाला. "मी गुरुवारी घरात असलो की चिडवायचो तिला. कुठल्या देवाचा गं ह्यो गुरुवार? म्हनायची, माझ्या देवाचा. तुमी गप जेवा."

पारमितानं उघडलेल्या डब्यांची झाकणं परत लावली.

"आता सांगा. मी ऐकलं न्हाय म्हनून तुमच्यासमोर बसलोय. तिनं ऐकलं म्हनून गेली. आनि केंद्रात तिच्या कागदावर काय लिवलंय ठाव हाय? दिवस झाल्यावर डब्या परत द्याला गेलतो. वाचून दाखवलं मला त्या चष्मेवाल्यानं. कानडीत हाय. दुश्चट. दुश्चटामुळं औषध घेतलं न्हाय. म्हंजे व्यसनी बाई, बेफिकीर बाई. मी डब्या तशाच उचलल्या आनि घरी आनल्या."

पारमितानं फॉर्म पुन्हा समोर ओढला. गोळी चुकवण्याची कारणं छापलेली होती. विसरलो. परगावी होतो. त्रास होतो. दारू प्यायलो होतो. शेवटी 'इतर', आणि पुढे एक रिकामी ओळ.

"यात लिहू शकते," ती म्हणाली. मग तिलाच ते कसंतरी वाटलं.

"एका वळीत बसती व्हय जया?"

"नाही बसत." तिनं फॉर्म मिटला. "अण्णा, माझी आजी निपाणीचीच. तंबाखूतच होती जन्मभर. ती गेली तेव्हा उशाखाली मिश्रीची डबी सापडली. मला सगळं माहीत होतं. आणि हा फॉर्म मी स्वतः तयार केलाय. दारूचे बावीस प्रश्न घातले. मिश्रीचा एकही नाही."

"मग घाला की आता."

"घालते," ती म्हणाली आणि उठली.

---

ती तीन आठवड्यांनी आली. मष्णूनं ट्रक सोडला होता, आता गावातल्या गावात टेम्पो चालवत होता. दुपारचा जेवायला घरी आला तर ती पायरीवर बसलेली.

"विम्याची बाई लई लवकर आली परत," तो म्हणाला. "कोन मेलं का काय?"

ती हसली नाही. आत आल्यावर तिनं पाणी मागितलं आणि सांगायला लागली. तिच्या वरच्या मॅडमना आधी हे पटलं नव्हतं. अभ्यास पुरुषांच्या दारूचा, त्यात बायकांची मिश्री कुठून आली, असं त्या म्हणाल्या. पारमितानं त्यांना सव्वीस गोळ्यांच्या डबीचा फोटो दाखवला. मग परवानगी मिळाली. गोळ्या चालू असलेल्या आणि बोलायला तयार असलेल्या त्रेपन्न बायकांना तिनं एकच प्रश्न विचारला. मिश्री लावता त्या दिवशी गोळी घेता का?

"आणि?"

"एकोणतीस जणी मिश्री लावतात. त्यातल्या बारा जणी गोळी फक्त वखारीच्या सुट्टीच्या दिवशी घेतात. बारा, अण्णा."

मष्णू खाटेवर बसला.

"सांगितलं का न्हाय त्यास्नी? रोज घ्या म्हनून?"

"त्याच दिवशी सांगितलं. प्रत्येकीला. मिश्री लावा, न लावा, गोळी रोज. डॉक्टरांनाही सांगायला लावलं. हो हो म्हणतात. पुन्हा गेले की डबीत गोळ्या तशाच."

"का?"

"म्हणतात, ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण आम्हाला एका बाईनं सांगितलंय. ती आमच्यातलीच होती. तिला सगळं माहीत होतं."

"कोन बाई?"

पारमितानं पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला आणि तांब्याकडेच बघत राहिली. मष्णूनं एकदा भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

जया तशीच होती. चाळणीवरच्या कुठल्या बाईला काय दुखतंय, कुणाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं तिच्याकडे. केंद्रातल्या रांगेत पदरात तोंड लपवलेली एखादी ओळखीची दिसली असणार. हिनं तिला कोपऱ्यात घेतलं असणार. असं कर बाई, मिश्रीच्या दिवशी घेऊ नको, इखार होतोय, गुरुवार धर.

"तिनं सांगितलं," मष्णू म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"न्हाई घेतलंसा. मी घेतोय." तो उठून फोटोसमोर उभा राहिला. "त्यास्नी ठाव हाय का, जया कशानं गेली?"

"त्यांना वाटतं टीबीनं."

"मग सांगा की त्यास्नी, तिच्या गुरुवारानं गेली."

"मला सांगता येत नाही, अण्णा. मी कुणाचाही आजार, कुणाचंही नाव दुसऱ्याला सांगणार नाही, अशी सही केलीय मी. गेलेल्या माणसाचंसुद्धा. आणि ती सही मोडायची नाही मला. आज तुमचं मोडलं तर उद्या त्या बारा जणींचं मोडेन."

"बरं. मी कुठं सही केलीया?"

पारमितानं मान वर केली. "तुम्ही कशावरच सही केलेली नाही. अंगठा दिलाय, तोही तुमच्या उत्तरांपुरता." मग थोडं थांबून म्हणाली, "पण नीट विचार करा. एकदा बोललेलं परत घेता येत नाही. गल्ली आहे, धंदा आहे, पाहुणे आहेत."

"इचार करायला आठ म्हैने झाल्यात," मष्णू म्हणाला.

---

तो आधी केंद्रातच गेला. तेलाचा डबा काखेत मारून. चष्मेवाल्यानं त्याला ओळखलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"जयाच्या कागदावरचा त्यो शब्द खोडा. आनि तुमी मिश्रीच्या दिवशी गोळी नको म्हनून सांगितलावतं, त्ये चूक हाय म्हनून सगळ्या बायकास्नी सांगा."

"असं मी म्हणालोच नाही. आम्ही व्यसन सोडा म्हणतो, गोळी सोडा कधीच म्हणत नाही."

"मग ह्या चौदा डब्या कुनाच्या?"

"मष्णू गावडे, फाईल बंद झाली. बंद फाईलमध्ये मला काही करता येत नाही. आणि आवाज वाढवू नका, बाहेर लोक बसलेत."

"बसू द्यात की. त्यास्नीच ऐकवतोय."

शिपाई आला. त्यानं मष्णूला दंडाला धरून नाही, पण पाठीमागून पावलं टाकत दारापर्यंत आणलं. बाहेर बाकड्यावर सात-आठ बायका होत्या. सगळ्यांचे पदर डोळ्यांपर्यंत. मष्णू आत काय ओरडला ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. एकीनंही मान वर केली नाही. मान वर करायची म्हणजे मी इथं आहे हे कबूल करायचं. इथं कितीही बोंबललं तरी कुणी ऐकल्याचं कबूल करणार नाही, हे त्याला तिथंच कळलं. बोलायचं तर जिथं त्या तोंड उघडं टाकून उभ्या असतात तिथं बोलायला पाहिजे.

वखारीच्या फाटकात.

---

फाटकाजवळ नागोजीची चहाची गाडी होती. मष्णू पावणेसहाला तिथं जाऊन उभा राहिला. आत मुकादम होता भावकू, जयाचा धाकटा भाऊ. त्यानं दाजीला बघितलं आणि तोंडावर हसू घेऊन बाहेर आला.

"दाजी, चा घेतला का? रविवारी येताय न्हवं? उचगावचं पावणं येत्यात पोरीला बघायला. तुमी असायलाच पायजे."

"भावकू, मी आत्ता हितं बायकास्नी जयाचं सांगनार हाय."

"काय सांगनार?"

"सगळं."

भावकूचं हसू गेलं. त्याला माहीत होतं. बहिणीला दवाखान्यात त्यानंच उचलून नेलं होतं. पण आठ महिन्यांत त्या आजाराचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नव्हतं.

"यडं लागलंय का तुमास्नी? मेलेल्या मानसाची अब्रू चव्हाट्यावर आनताय?"

"अब्रू त्या केंद्रातल्यांनी घेतलीया. कागदावर लिवलंय, व्यसनी बाई म्हनून. मी परत आनायला आलोय."

"आनि माझी पोरगी? रविवारी पावणं येत्यात, दाजी. चार दिस थांबा. पाया पडतो."

मष्णूनं त्याच्याकडे बघितलं. पोरगी त्याच्या मांडीवर वाढलेली होती. चार दिवस म्हणजे चार गोळ्या, आणि बारा बायका. पण नुसत्या चार दिवसांचंही नव्हतं. पावणे झाले की साखरपुडा, साखरपुडा झाला की लग्न, लग्न झालं की तिच्या सासरचे. जया अशीच चौदा महिने थांबली होती.

"न्हाय थांबत," तो म्हणाला.

भोंगा झाला. बायका बाहेर पडायला लागल्या. तंबाखूच्या धुळीनं केस पिवळे झालेल्या, फडकी सोडत, एकमेकींना हाका मारत. मष्णू फाटकाच्या कडेच्या दगडावर चढला.

"बायांनो, जरा थांबा. मी मष्णू. चाळणीवरल्या जयाचा घरवाला."

जयाचं नाव ऐकून पुढच्या थांबल्या. मागच्या त्यांच्यावर आदळल्या.

"जया टीबीनं गेली म्हनून तुमास्नी म्हाईत हाय. टीबी हुताच. पर टीबी झाला कशानं? मला एड्सचा आजार हाय. ट्रकवर हुतो, तकडनं घिऊन आलो. माझ्यामुळं जयाला झाला. तिचा ह्यात काय बी दोष न्हवता."

"अगं बया!" कुणीतरी म्हणालं. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. एक बाई पोरीचा हात धरून झपाझप निघूनच गेली.

भावकूनं त्याला खालून ओढलं. "जावा बायांनो घरला. पिऊन आल्यात दाजी."

"पिलेलो न्हाय. ये वर, हुंगून बघ."

कुणीतरी खुसकन हसलं. भावकूनं हात सोडला.

मष्णूनं खिशातनं एक डबी काढली आणि हलवली. आतल्या गोळ्या खडखडल्या.

"ह्या आजारावर रोज एक गोळी असती. रोज घेतली की मानूस जगतंय, माज्यावानी. मी दारू पितो, लई पितो, तरी चुकवत न्हाय. जयाला मात्र सांगितलं, मिश्री लावल्या दिवशी गोळी घ्यायची न्हाय. तिनं खरं मानलं. वखारीत मिश्री लावल्याबिगर दिवस जातोय का कुनाचा? म्हनून गुरुवारची तेवढी घ्यायची. ही डबी बघा. तिसातल्या सव्वीस हैत अजून. ती मिश्रीनं मेली न्हाय. आळसानं मेली न्हाय. चुकीचं सांगितल्यानं मेली."

त्यानं दोन्ही हातांनी डबी घट्ट धरली.

"तुमच्यातल्या कुनाला जयानं ह्येच सांगितलं असंल. मायेनं सांगितलं तिनं. पर तिला सांगनाऱ्यानंच चूक सांगितलं हुतं. कुनाला लागू हाय त्ये मला ठाव न्हाय, आनि मला कळाया बी नगं. बाकीच्यांनी इसरा. जिला लागू हाय तिनं आज रातच्यापास्नं रोज घ्या. मिश्री लावून घ्या, तंबाखू खाऊन घ्या, नवऱ्याला शिव्या देऊन घ्या, पर घ्या. जयानं सांगितलंय म्हना. हे आता जयाच सांगत्या."

तो दगडावरनं उतरला. बायका बाजूला झाल्या. वाट दिली की लांब सरकल्या ते त्याला कळलं नाही.

नागोजीच्या गाडीवर तो चहासाठी थांबला. नागोजीनं काचेच्या ग्लासाला हात घातला, मग तो हात कागदी कपाकडे गेला.

"काचेचा दे," मष्णू म्हणाला. "वीस वर्सं काचेतनं पितोय तुझ्याकडं. चा पिऊन काय हुईत न्हाय, डॉक्टरला इचार. आनि न्हाई पटलं तर ग्लास फोड, पैसे घे."

नागोजीनं थोडा वेळ विचार केला आणि काचेत ओतला.

चहा अर्धा झाला असेल. एक बाई त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"दादा, आमच्या वळखीची एक बाई हाय. तिच्यासाटनं इचारतो."

"इचार."

"मिश्री लावल्याव लगीच घेतली तर चालतंय, का चूळ भराय लागती?"

"चूळ भर, न्हाय तर भरू नको. गोळी घे."

"सांगतो तिला," ती म्हणाली आणि गर्दीत मिसळली. मष्णूनं मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

---

रविवारी उचगावचे पाहुणे आले नाहीत. गाडी बिघडली, असा निरोप आला. भावकूनं त्या दिवसापासून मष्णूशी बोलणं टाकलं. टेम्पोची दोन नेहमीची भाडी तुटली. शेजारणीनं जयाला पापड करायला दिलेली परात मागून नेली. केंद्रात त्याला महिन्याची डबी खिडकीतनंच मिळाली. जयाच्या कागदावर तो शब्द अजून तसाच होता. पण भिंतीवर एक नवा कागद चिकटवलेला होता, कानडीत आणि मराठीत. व्यसन असो वा नसो, गोळी रोज. मष्णूनं शिपायाकडनं तो दोनदा वाचून घेतला.

पारमिताचा फोन दीड महिन्यानं आला. मागे बसचा आवाज येत होता.

"अण्णा, सगळ्यांकडे परत जाऊन आले. डब्या बघितल्या. बारांतल्या अकरा जणी रोज घेतायत. अहवालात एक पूर्ण प्रकरण मिश्रीवर आहे. तुमच्या घरात सांगितलेलं सगळं त्यात आहे. नाव नाही, पण सव्वीस गोळ्या आहेत."

मष्णू फोन कानाला लावून फोटोसमोर उभा होता. आज त्यानं नवा हार घातला होता.

"अकरा. आनि बारावी?"

"ती अजून ऐकत नाही."

"कोन हाय ती?"

"अण्णा, ते मला सांगता येत नाही."

"बरं, नका सांगू," मष्णू म्हणाला. त्यानं कोपऱ्यातनं पायताण ओढलं. "किती वाजल्यात?"

"सव्वापाच. का?"

"सहाला वखार सुटती. परत जातो दगडावर."